येसूच्या सड्यावरच्या पोपया

बसा इथे, या चिऱ्यावर. वारा आहे, पण ऊन लागणार नाही. खाली दिसतंय ते आमचं माणकोंड. तिकडे खाडी, तिच्या अलीकडे मिठागराच्या जुन्या खाचा आणि हा वर, जिथे आपण बसलोय, तो येसूचा सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ. सगळा जांभा दगड. पाऊस संपला की गवत सुकतं आणि पुढे ज्येष्ठापर्यंत इथे हिरवं पान म्हणून दिसत नाही. फक्त ही झाडं तेवढी दिसतात.

पपईला आमच्याकडे पोपय म्हणतात. पोपयेला खत लागतं, पाणी लागतं, पाण्याचा निचरा लागतो, हे तुम्ही जाणता. इथे यातलं काही नाही. ही झाडं कोणी लावलेली नाहीत आणि कोणी शिंपतही नाही. त्यांना कुंपण घालायचं नाही आणि त्यांचं फळ विकायचं नाही, असा गावाचा नेम आहे. वाटसरूने फळ तोडलं तर त्याला कोणी हटकत नाही. त्याने बिया मात्र इथेच टाकून जायच्या.

मार्गशीर्षात भात झोडून झालं की गाव एक दिवस ठरवतं. त्या दिवशी सगळ्या आया आपली लेकरं घेऊन इथे येतात. फळं फोडतात, बिया धुऊन वाटतात, गुळात कालवतात आणि पोरांना चाटवतात. पोटातल्या जंतांवरचं ते औषध, असं आमचे जुने लोक मानत आले. हल्ली शाळेत सरकारी गोळी देतात, तीही पोरं घेतात. आरोग्य केंद्रातली बाई आम्हाला सांगते की गोळी चुकवू नका, आणि आम्ही चुकवत नाही. पण हा दिवसही चुकवत नाही. त्या दिवशी ढोल वाजत नाही, गोडधोड होत नाही. आणि कुठलीच आई पहिल्यांदा आपल्या पोराला देत नाही. आधी दुसऱ्याच्या लेकराला द्यायचं, मग आपल्या. पोटुशी बाई त्या दिवशी सडा चढत नाही.

हे असं का, ते सांगतो. मी माझ्या आजोबांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या चुलत्याकडून.

फार मागची गोष्ट. तेव्हा या बाजूला गाडीरस्ता नव्हता, सगळी ये-जा खाडीने. माणकोंडात बाबल नावाचा एक तांडेल होता. मिठाचा मचवा घेऊन तो दक्षिणेकडच्या बंदरांना जायचा. त्याची बायको येसू. लग्नाला बरीच वर्षं होऊन त्यांना एकच मुलगी झाली होती. तिचं नाव सुरंगी.

एकदा परत येताना बाबलने कुठल्याशा बंदरातून एक फळ आणलं. आतून केशरी, मधोमध काळ्या बियांचा गच्च भरलेला खोपा. गावात असलं फळ कोणी पाहिलं नव्हतं. येसूने बिया परसात टाकल्या आणि वर्ष सरायच्या आत झाड माडीच्या उंचीचं झालं. पण त्याचं पहिलं फळ बाबलने खाल्लं नाही. त्याआधीच नारळी पौर्णिमेनंतरच्या एका खेपेत त्याचा मचवा गेला. माणसं सापडली नाहीत, एक वल्हं तेवढं किनाऱ्याला लागलं. येसू त्या झाडाला नवऱ्याचं झाड म्हणायची, असं सांगतात.

त्या काळात माणकोंडात एक दुखणं होतं. लहान पोराचं पोट टम्म फुगायचं आणि हातपाय काडीसारखे व्हायचे. डोळे खोल जायचे. झोपेत पोर दात खायचं. दिवसा कोणाचं लक्ष नसलं की भिंतीची माती खरवडून खायचं. मग एक दिवस ताप चढायचा. शेवटी शेवटी तर तोंडावाटे जंत पडायचे, आणि ते पाहिलं की आई समजायची. त्या दुखण्याने कित्येक घरांतले पाळणे रिकामे केले. जंत म्हणजे रोग असं तेव्हा कोणी मानत नव्हतं. गावाला काहीतरी बाधलं आहे, देवाचं काही चुकलं आहे, असं म्हणायचे. देवाला गाऱ्हाणी घातली, कोंबडे दिले, सीमेवर नारळ ठेवले. पोरं जातच राहिली.

गावाचा मुख्य रवळू गावकर. माणूस दुष्ट नव्हता, हे आमचे आजोबा आवर्जून सांगायचे. देवळात गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज पार खाडीपलीकडे जायचा. पण त्याच्या घरातही तेच चाललं होतं. त्याची सून शेवंती. तिची दोन लेकरं त्या दुखण्यात गेली होती. सगुण नावाचा एक मुलगा उरला होता आणि ती पुन्हा पोटुशी होती. म्हातारा सुनेला उन्हात जाऊ द्यायचा नाही, विहिरीवर जाऊ द्यायचा नाही. सगळा जीव त्या येणाऱ्या नातवंडात अडकलेला.

शेवंतीला डोहाळे लागले आणि तिला येसूच्या परसातली पोपय खावीशी वाटली. ती मागायला आली. झाडावरची फळं अजून हिरवी होती. येसू म्हणाली, पिकली की घरी आणून देते, कच्ची काढू नको, तिचा चीक वाईट असतो. शेवंती परत गेली. पण डोहाळे ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी येसू खाडीवर कालवं काढायला गेली तेव्हा शेवंतीने परसात येऊन एक कच्चं फळ तोडलं आणि मिठाबरोबर तिथेच बसून खाल्लं.

त्याच आठवड्यात तिचं पोट पडलं. फळानेच पडलं की पडायचंच होतं, हे देव जाणे. पण झाडाखाली सालं सापडली. तोंडोतोंडी झालं की तांडेलाच्या रांडवेने गावकराच्या सुनेला परमुलखातलं फळ चारलं. स्वतःचा नवरा गेला म्हणून दुसऱ्याचं भरलेलं घर तिला बघवत नाही, असंही कोणी म्हणालं.

देवळासमोर गाव जमला. रवळूने येसूला विचारलं की फळ तू दिलंस का. ती नाही म्हणाली. मग कोणी दिलं, असं विचारल्यावर ती गप्प राहिली. शेवंती मागे बायकांत बसली होती, डोक्यावरून पदर ओढून. सासऱ्यासमोर आणि सगळ्या गावासमोर आपणच चोरून खाल्लं हे तिच्या तोंडून निघालं नाही. येसूने तिच्याकडे एकदा बघितलं म्हणतात. आताच पोट पडलेली बाई, हिला आणखी काय उघडं पाडायचं, असं तिच्या मनात आलं असेल.

रवळूने निवाडा दिला. झाड तोडायचं आणि येसूने गावाच्या सीमेबाहेर राहायचं. झाड त्याच दुपारी पडलं. पोपयेचं खोड ते, दोन घावांत आडवं झालं. येसूने मुलीचा हात धरला, डोक्यावर मडकी घेतली, पडलेल्या झाडावरची होती नव्हती ती फळं पदरात बांधली आणि ती या सड्यावर आली. तेव्हा इथे काही नव्हतं. मागच्या बाजूला, त्या घळीत, एक झरा आहे. अजूनही आहे, पण पाणी थेंबथेंब. त्याच्या जवळ तिने माडाच्या झावळ्यांची खोप घातली.

जांभ्याच्या फटीत जिथे बोटभर माती होती तिथे तिने बिया पुरल्या. झऱ्याचं पाणी लोटक्याने आणून आणून घातलं. पावसाने साथ दिली आणि झाडं वर आली. पण पोपयेत नर असतो आणि मादी असते. फुलं येईपर्यंत कळत नाही. बहुतेक झाडं नर निघाली. फळं धरणाऱ्या माद्या मोजक्याच.

सड्यावर खायला काय असणार? येसू कालवं वेचायची, लाकडं मोळी करून पलीकडच्या गावात टाकून यायची आणि मूठभर तांदूळ आणायची. पुष्कळ दिवस दोघी मायलेकी पोपयेवरच राहिल्या. गावातून आली तेव्हाच सुरंगीचं पोट फुगायला लागलं होतं. ती माती खायची, रात्री दात खायची. येसूला कळलं होतं आणि ती काही करू शकत नव्हती. एका दिवशी घरात काहीच नव्हतं. सुरंगीने भुकेने फळाबरोबर बियाही चावून खाल्ल्या. त्या मिऱ्यासारख्या तिखट लागतात. पण खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी परत खाल्ल्या. मग तिच्या पोटातून जंत पडले, गठ्ठ्याने. येसूला वाटलं आता संपलं. ती लेकीला मांडीवर घेऊन बसून राहिली. आणि संध्याकाळी मुलीने जेवायला मागितलं.

पंधरवड्याभरात पोट उतरलं, गालांवर मांस दिसायला लागलं. येसू सीमेवर गेली. सीमा ओलांडायची तिला बंदी होती, म्हणून दगडापाशी उभी राहून पाण्याला जाणाऱ्या बायकांना तिने हाक मारली. सगळं सांगितलं. ओटीतून बिया नेल्या होत्या, त्या दगडावर ठेवल्या. बायका लांबूनच ऐकत होत्या. ज्या झाडाने पोटातलं मूल खाल्लं त्याचं बी पोराच्या तोंडात कोण घालणार? दुसऱ्या दिवशी येसू बघायला गेली तर बिया तशाच दगडावर होत्या, मुंग्या लागलेल्या.

पुढच्या वर्षी वैशाखात वळवाचं वादळ आलं. ते गेलं तेव्हा सड्यावरची झाडं कच्च्या फळांसकट मोडून पडली होती. फळ धरणारं एकच झाड वाचलं, घळीच्या आडोशाचं. त्यावर एक फळ राहिलं होतं आणि वर शेंड्याजवळ थोडी फुलं.

आणि सुरंगीचं पोट पुन्हा फुगायला लागलं होतं. हे दुखणं असंच, म्हणे. एकदा गेलं म्हणून कायमचं जात नाही. येसू त्या फळाकडे रोज बघायची. ते पिवळं पडायची वाट बघायची. कच्च्या फळातलं बी पांढरं, त्याचा उपयोग नाही.

फळ पिवळं पडलं त्या दिवशी सूर्य कलताना शेवंती सडा चढून आली. एकटीच. खांद्यावर सगुण. मूल मोठं होतं, चालण्याच्या वयाचं, पण मान टाकलेलं होतं. तिने त्याला खोपीच्या दारात निजवलं. तोंडातून जंत पडायला लागले होते.

शेवंती पाया पडली नाही, रडलीही नाही. आजोबा सांगायचे की ती उभीच राहिली आणि म्हणाली, "येशे, ती पोपय तू माका देवक नाय होतंस. मीच काढून खाल्लंय. सगळ्यांसमोर बोलाक व्हया होता, मी बोलूक नाय. माका मागूक तोंड नाय. पण माझ्या पोराक वाचव."

येसू झाडापाशी गेली, फळ उतरवलं आणि फोडलं. पाण्याविना वाढलेलं फळ ते, बेताचंच. आत बिया जेमतेम ओंजळभर. मागच्या वर्षी सुरंगीला पहिल्या दिवशीच्या बियांनी काही झालं नव्हतं. सलग दुसऱ्या दिवशीही पोटभर खाल्ल्या तेव्हाच गुण आला होता. अर्ध्या-अर्ध्या केल्या तर कदाचित दोघांनाही पुरणार नाहीत, हे तिला कळत होतं.

सुरंगी खोपीच्या कुडाला टेकून बसली होती, सगुणकडे बघत. दोघं गावात असताना बरोबर खेळलेली.

येसूने दोन्ही पोरांच्या पोटांवरून हात फिरवून पाहिला. मग तिने पाटा ओढला आणि बिया वाटायला घेतल्या. शेवंतीने विचारलं, आणि तुझ्या मुलीला?

"माझा चेडू अजून चलता," येसू म्हणाली. "झाडाक फुला आसत. दुसरा फळ धरात. तुझो झील तेवढो थांबाचो नाय."

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, की तिने काही आंधळा त्याग केला नाही. तिने दोन पोरांकडे बघितलं, कोणाकडे किती वेळ उरला आहे ते बघितलं, आणि दिलं. दोघंही वाचतील असंच तिला वाटलं होतं.

सगुण दोन रात्री सड्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट मोकळं झालं आणि त्याने आईच्या कानातली कुडी ओढली. शेवंती त्याला घेऊन खाली उतरली तेव्हा वाटेवर येसू तिला पोचवायला आली होती, सीमेच्या दगडापर्यंत.

नवं फळ धरलंही. पण पाऊस आला नाही. त्या वर्षी मृग कोरडा गेला. झरा आटला. येसू अर्धा सडा तुडवून डबक्यातलं पाणी आणायची. त्यातलं आधी लेकीला, मग झाडाला आणि उरलं तर स्वतःला. फळ मुठीएवढं झालं आणि तिथेच थांबलं. सुरंगी आता चालत नव्हती. ती रोज आईला विचारायची, पिवळं झालं का. येसू रोज बाहेर जाऊन बघून यायची आणि सांगायची, होतंय.

ती गेली तेव्हा फळाला देठापाशी पिवळी रेघ आली होती, असं सांगतात. येसूने ते फोडून पाहिलं. बिया पांढऱ्याच होत्या.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. येसूने एकटीने जांभा खणला. इथे चार बोटांखाली पहारही वाजते. तिने तो कसा खणला असेल, ते तुम्ही हा दगड बघून समजून घ्या.

इकडे शेवंती घरी गेल्यावर गप्प राहिली नव्हती. या वेळी तिने सासऱ्यासमोर सगळं सांगितलं. रवळू म्हाताऱ्याने आधी तिला घराबाहेर काढायची भाषा केली. मग नातवाला ओसरीवर खेळताना बघून तो बसून राहिला. त्याला सडा चढायचं धाडस व्हायला दिवस लागले. चढला तेव्हा सगळा गाव बरोबर होता, मानाचा नारळ होता, नवं लुगडं होतं. येसूला मानाने खाली न्यायचं ठरलं होतं. वर येऊन बघतात तर येसू ताज्या मातीपाशी बसलेली.

आजोबा म्हणायचे, ज्या गळ्यातून गाऱ्हाणं खाडीपलीकडे जायचं, त्या गळ्यातून त्या दिवशी शब्द फुटेना. रवळूने डोक्यावरचं मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं. बाकीच्यांनी मग विनवणी केली, गावात चल, तुझं घर आम्ही उभं करून देतो.

येसू म्हणाली, "खाली येवन काय करू? माझा चेडू हयसर आसा."

मग गावाने विचारलं, आम्ही काय करावं. बरीच पोरं अजून आजारी होती. तिच्या मनात काय काय आलं असेल, सांगता येत नाही. ती उठली. वादळात मोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना पालवी फुटली होती, ती तिने दाखवली. खोपीत मागच्या वर्षीचं वाळवलेलं चिमूटभर बी होतं, सुरंगीला त्याचा गुण आला नव्हता म्हणून रुजवायला ठेवलेलं, तेही काढून दिलं. आणि म्हणाली, "बियो नेवा, रुजवा. पण पोरांक घालताना आपल्याक आधी घालू नका. आपल्याक आधी दिला की हात थयच ऱ्हवता. दुसऱ्याच्याक आधी घाला, मगे आपल्या."

रवळूने देवाच्या नावाने गावाला शब्द द्यायला लावला. फळ विकणार नाही, झाडाला कुंपण घालणार नाही, आधी दुसऱ्याच्या लेकराला. तो शब्द आम्ही पाळत आलो.

येसू पुढे पुष्कळ वर्षं जगली. सड्यावरच. तिच्याकडे पोरं यायची, खाऊन जायची. शेवंती रोज सकाळी खालच्या विहिरीतून पाण्याचा हंडा भरून सडा चढायची आणि झाडांना घालायची. घरचं कोणी तिला अडवू शकलं नाही. दोघी एकमेकींशी फारशा बोलत नसत. शेवंती पाणी ओतायची, थोडा वेळ बसायची, उतरायची. पावसाळ्यात पाण्याची गरज नसायची तरी ती यायची.

एकदाच, म्हणे, शेवंतीने विचारलं. इतक्या वर्षांनी, दोघींचे केस पांढरे झाल्यावर. त्या दिवशी माझ्या पोराला दिलंस त्याचा तुला पस्तावा होतो का, असं.

येसू म्हणाली, "इचारू नको, बाय. रोज येगळा उत्तर येता."

शेवंतीने परत विचारलं नाही. आणि हंडा आणायचंही सोडलं नाही.

येसू कधी गेली, कशी गेली, याबद्दल गावात एकवाक्यता नाही. कोणी म्हणतं शेवंतीच्या मांडीवर गेली. कोणी म्हणतं एका सकाळी खोप रिकामी होती आणि सुरंगीला जिथे पुरलं तिथे दोन झाडं उभी होती, एक मोठं आणि एक लहान. मी त्या वादात पडत नाही. एवढं खरं की शेवंतीनंतर सड्यावर कोणी पाणी नेलं नाही, आणि झाडं वाळली नाहीत. एक पडतं तोवर दुसरं फटीतून वर येतं. फळ लहान असतं, दुष्काळी, पण पिकतं.

आजही मार्गशीर्षातल्या त्या दिवशी आया इथे अशा गोल बसतात. बिया वाटून होतात, गूळ कालवून होतो, आणि सगळ्या थांबतात. कारण पहिला हात कोणाचा, हेही ठरलेलं आहे. वर्षभरात जिचं मूल गेलं असेल, ती बाई पहिल्यांदा उठते. तिला कोणी बोलवत नाही, नाव घेत नाही. तिला वाटेल तेव्हा ती उठते आणि मनाला येईल त्या लेकरासमोर जाऊन बसते. ज्याच्यासमोर बसेल त्याची आई मूल तिच्या मांडीवर देते. कधी फार वेळ लागतो. पोरं कंटाळतात, रडतात, उन्हं वर येतात. पण ती उठेपर्यंत कोणी वाटीला हात लावत नाही.

आणि ज्या वर्षी उठायला कोणीच नसतं, त्या वर्षीही बायका तेवढाच वेळ गप्प बसून राहतात. मग हळूच एकमेकींकडे बघतात, आणि जिच्या शेजारी जे मूल असेल ते ती जवळ ओढून घेते.